प्रेसला आणि कॅम्पला

मागच्या आठवड्यात मुलाची इंग्लिशची वही तपासून आली आणि त्यात दोन ठिकाणी लाल पेन फिरलेलं होतं. सहावीत आहे तो. टीचरनी दहा शब्द दिलेले, प्रत्येकाचं एक वाक्य करून आणायचं, त्यातला एक शब्द प्रेस आणि एक कॅम्प. यानं पहिल्याचं लिहिलं, ‘माय ग्रँडफादर वॉज इन प्रेस’ आणि दुसऱ्याचं, ‘ऑन संडे वी गो टू कॅम्प’. पहिल्यापुढे टीचरनी लाल पेननी लिहिलंय ‘रिपोर्टर?’ आणि दुसऱ्यात गो टू च्या पुढे एक ‘ए’ घुसवून, म्हणजे ए कॅम्प असं करून, खाली विचारलंय ‘व्हिच कॅम्प?’

मुलगा वही घेऊन आला तो रडवेला वगैरे नव्हता, गोंधळलेला होता. म्हणाला, आई, नाना प्रेसलाच होते ना? आणि आपण कॅम्पलाच जातो ना मावशीआजीकडे? मग चुकलं काय?

मी त्याला पटकन सांगून मोकळी झाले की अरे ते इंग्लिशमध्ये वेगळं असतं. पण नंतर भांडी लावताना, गाडी चालवताना, रात्री झोपताना तेच डोक्यात फिरत राहिलं. टीचरची काही चूक नाही, त्या बाहेरगावच्या आहेत, नाशिकला येऊन वर्षसुद्धा झालं नसेल, आणि शब्दकोश उघडला तर त्यांचंच बरोबर निघेल. पण वाक्यं तर खरी होती ना! नाशिकरोडला जन्मलेल्या कुणालाही विचारा, ‘प्रेसला होते’ म्हटल्यावर कुणी रिपोर्टर का असं विचारणार नाही आणि ‘कॅम्पला जातो’ म्हटल्यावर कुठला कॅम्प असंही विचारणार नाही. तर या दोन शब्दांवर जरा सविस्तर लिहावंसं वाटलं, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते.

मुळात या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. प्रेस आला लॅटिनमधल्या दाबणे या अर्थाच्या क्रियापदावरून, तिथून फ्रेंचमार्गे इंग्लिशमध्ये. त्याच घरातले प्रेशर, एक्सप्रेस, इम्प्रेस, डिप्रेशन, सगळ्यांच्या पोटात कुठेतरी दाब आहे. आणि कॅम्प आला लॅटिन कॅम्पस वरून, कॅम्पस म्हणजे मोकळं सपाट मैदान. रोममध्ये असं एक मोठं मैदान होतं जिथे सैन्याची कवायत चालायची, तर मैदान म्हणता म्हणता सैन्याचा मुक्काम, तंबू, राहुट्या असा अर्थ त्याला चिकटला. कॉलेजचं कॅम्पस तेही तिथलंच, 18व्या शतकात अमेरिकेत प्रिन्स्टनच्या आवाराला तसं म्हणायला लागले आणि मग ते सगळीकडे पसरलं. म्हणजे एक शब्द दाबणारा आणि दुसरा मोकळा सोडणारा. शब्दकोशात ते शेकडो पानं लांब असतात. आमच्याकडे मात्र नाशिकरोडच्या बिटको चौकात उभं राहिलं की दोन्ही एका रिक्षास्टँडवर ऐकू येतात.

आधी प्रेस घेते कारण घरातला शब्द आहे.

इंग्लिशमध्ये हा शब्द बराच फिरलाय. सुरुवातीला दाबायचं यंत्र, द्राक्षांचा रस काढायचा, ऑलिव्हचं तेल काढायचं, लाकडी मळसूत्र फिरवलं की वरची फळी खाली येते आणि खालचं पिळून निघतं. साधारण 1450 च्या सुमाराला जर्मनीत माइन्त्स गावात गुटेनबर्गनं त्याच धर्तीचं यंत्र छपाईला वापरलं, द्राक्षांच्या जागी शाई लावलेले अक्षरांचे खिळे आणि कागद. मग छपाईच्या यंत्राला प्रेस, यंत्र ठेवलंय त्या जागेला प्रेस, तिथे जे छापून निघतं त्या पेपरांना प्रेस आणि शेवटी पेपरात लिहिणाऱ्या माणसांना पण प्रेस. म्हणजे द्राक्षं पिळायच्या फळीपासून निघालेला शब्द पत्रकारापर्यंत आला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतकं छान वाटलं होतं, कारण आपण राहतो कुठे, तर द्राक्षांच्या गावात! गंगापूर रोडच्या बाजूला एका वायनरीत सीझनमध्ये गेलो होतो तेव्हा तिथली प्रेस पाहिली, आडवा मोठा स्टीलचा पिंप, आत रबरासारखा फुगा, तो हवेनं फुगतो आणि द्राक्षं हळूहळू पिंपाच्या भिंतीवर दाबली जातात. पांढऱ्या वाइनला द्राक्षं आधी दाबून रस काढतात मग आंबवतात, लाल वाइनला सालीसकट आंबवून मग दाबतात, असं तिथल्या मुलानं समजावून सांगितलं. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, म्हणजे नाशिकला दोन प्रेस आहेत, एक द्राक्षांची आणि एक नोटांची. त्या म्हणाल्या, तिसरी आमच्या गल्लीत आहे की, कपड्यांची.

आणि खरंच, कपडे प्रेसला दिलेत असं म्हणतोच की आपण. इस्त्री हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द म्हणतात, तो आपण इतका आपलासा केला की परका वाटतच नाही, आणि आता त्याच्या जागी हळूहळू प्रेस येतोय. लहानपणी आमच्याकडे दारावर कुणी येऊन ‘प्रेसवाले आहेत का’ विचारलं तर आई आधी विचारायची, कुठले प्रेसवाले? कारण तीन शक्यता. इस्त्रीवाला, पेपरवाला पत्रकार, नाहीतर नानांच्या खात्यातलं कुणीतरी.

आता मूळ मुद्द्यावर येते. हा शब्द नाशिकमध्ये कुठल्या अर्थानं वापरलाय ते शब्दावरून नाही कळत, त्याच्या मागे काय लावलंय त्यावरून कळतं. हे मला या आठवड्यातच लक्षात आलं, इतकी वर्षं बोलतेय तरी कधी आलं नव्हतं.

‘तो प्रेसमध्ये आहे’ म्हटलं तर पेपरात असेल किंवा पत्रिका बिल छापणाऱ्या छापखान्यात असेल.

‘तो प्रेसवर आहे’ म्हटलं की सातपूर किंवा अंबड एमआयडीसी. तिथे पॉवर प्रेस असतात, पत्रा ठेवायचा, वरून डाय दाणकन खाली येतो, पत्र्याला आकार मिळतो. माझा एक चुलतभाऊ सहा वर्षं प्रेसवर होता. त्याच्या आईचा जीव रोज तो घरी येईपर्यंत टांगलेला असायचा कारण या मशिनवर बोटं जातात. नवीन मशिनला सेन्सर असतात, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय डाय खाली येत नाही अशी सोय असते, पण जुन्या छोट्या वर्कशॉपमध्ये सगळीकडे तसं नव्हतं. प्रेस या शब्दातला दाब खरा कुणाला माहीत असेल तर या मुलांना. म्हणून मला ‘प्रेसवर’ हा शब्द ऐकला की अजूनही आधी हाताकडे बघायची सवय आहे.

आणि ‘तो प्रेसला आहे’ म्हटलं की विषय संपला. प्रेसला म्हणजे नोटप्रेसला. नाशिकरोडची. दुसरी कुठलीच नाही.

हा ‘ला’ फार मजेचा आहे. एसटीला आहे, रेल्वेला आहे, एचएएलला आहे, प्रेसला आहे. यातून माणूस आत्ता या क्षणी कुठे आहे ते कळत नाही, तो घरी झोपलेला असेल तरी प्रेसलाच असतो. यातून कळतं त्याचं घर कशावर चालतं, किती तारखेला पगार होतो, मुलीला त्या घरात द्यायला हरकत नाही वगैरे सगळं. माझ्या लहानपणी लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगा प्रेसला आहे’ एवढं वाक्य पुरायचं, पुढचं शिक्षण बिक्षण लोक नंतर विचारायचे. इंग्लिशमध्ये इन म्हणा, ॲट म्हणा, हे त्यात उतरतच नाही. पोरानं इन लिहिलं, त्याच्याकडे दुसरं होतं काय?

आणि हो, प्रेस मराठीत बाई झाली. ती प्रेस. प्रेस बंद होती, प्रेस चालू झाली. कॅम्प मात्र पुरुष, तो कॅम्प. का ते मला सांगता येणार नाही पण कानाला दुसरं काही खपत नाही.

नानांचं सांगते. ते 34 वर्षं नोटांच्या बाजूला होते. बाहेरच्यांना प्रेस एकच वाटते पण आतले लोक दोन मानतात, आयएसपी (इंडिया सिक्युरिटी प्रेस) आणि सीएनपी (करन्सी नोट प्रेस). आयएसपीत स्टॅम्प, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट वगैरे आणि सीएनपीत नोटा. सुरुवात झाली 1920 च्या दशकात. त्याच्या आधी आपल्याकडची पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून बोटीनं यायची, नोटा पण इंग्लंडमध्ये छापायचे. 1928 मध्ये नाशिकरोडला नोटा छापायला लागले, पाच रुपयांची नोट पहिली, आणि 1932 पर्यंत त्या वेळच्या सगळ्या नोटा इथेच छापल्या जात होत्या. स्वातंत्र्यानंतरचं पहिलं तिकीट, 21 नोव्हेंबर 1947 चं, तिरंगा असलेलं साडेतीन आण्यांचं, ज्याच्यावर जय हिंद आहे, तेही इथलंच. पण पुढच्या वर्षी गांधीजींची तिकिटं काढली ती स्वित्झर्लंडला छापून आणली, हे नाना अजून थोड्या नाराजीनं सांगतात, जणू काही त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं. त्यांचा तर तेव्हा जन्म पण झाला नव्हता.

आम्हाला लहानपणी वाटायचं नाना रोज पैसे बनवतात तर घरी का आणत नाहीत. शाळेतली मुलं पण हेच विचारायची. प्रेसच्या माणसांची बाहेर पडताना झडती होते, डबा सुद्धा उघडून बघतात, आणि आत एकेका कागदाचा हिशोब असतो, खराब झालेला कागद पण मोजूनच जातो. नाना म्हणायचे, आत गेलं की ती नोट नसते, तो माल असतो. बाहेर बँकेतून आली की मग पैसा. आणि खरंच, लाखो कोटींच्या नोटा ज्यांच्या हाताखालून गेल्या ते आमचे नाना महिनाअखेरीला किराणावाल्याच्या वहीत उधार मांडायला सांगायचे, आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

त्यांच्याकडूनच मला कळलं की नोटेत अजूनही खरा दाब असतो. एक छपाई असते तिला इंटाग्लिओ म्हणतात. प्लेटवर चित्र खोदलेलं असतं, खाचांमध्ये शाई भरतात, वरची पुसून टाकतात आणि मग कागद प्लेटवर इतक्या जोरानं दाबतात की तो खाचेत शिरून शाई उचलून घेतो. म्हणून ती शाई कागदावर उंच राहते. शंभरच्या किंवा पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, खरखरीत लागेल. आणि कडेला तिरप्या रेषा असतात त्या बघा, शंभरला चार, पाचशेला पाच, ज्यांना दिसत नाही त्यांनी बोटानं नोट ओळखावी म्हणून. मला शाळेत असताना नाना डोळे मिटायला लावायचे आणि हातात नोट द्यायचे, ओळख म्हणायचे. तर प्रेस हा शब्द म्हटला की मला कुणाचा माईक आणि कॅमेरा आठवत नाही, बोटाच्या टोकाला ती खरखर आठवते.

2016 च्या नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली तेव्हा प्रेसच्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी पण काम केलं, नाना रिटायर होऊन बसलेले, रोज गॅलरीत येऊन शिफ्टला जाणाऱ्यांना विचारायचे किती झालं, किती झालं. देशभर लोक बँकेच्या लायनीत आणि आमच्याकडे लोक प्रेसच्या लायनीत. असो.

आता कॅम्प.

कॅम्प म्हणजे देवळाली कॅम्प, आणि इथे एक गोष्ट बाहेरच्यांना नेहमी समजावून सांगावी लागते की देवळाली दोन आहेत. देवळालीगाव आहे ते नाशिकरोडला लागूनच, आणि कॅम्प आहे तिथून पुढे 6-7 किलोमीटरवर, भगूरच्या अलीकडे. म्हणून रिक्षावाला विचारतो, ‘कुठं जाऊ राहिले ताई, गाव का कॅम्प?’ आणि आपण नुसतं ‘कॅम्प’ म्हटलं की तो मान हलवतो. भाषेचं काम एका शब्दात होतं, देवळाली म्हणायची गरजच पडत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या गावात पण आहे म्हणा. पुण्यात कॅम्प आहे, मालेगावात कॅम्प आहे, उल्हासनगरला तर कॅम्प एक ते कॅम्प पाच असे नंबर आहेत. पण पुण्याची माझी आत्तेबहीण म्हणते ‘कॅम्पात जाऊन येते’ आणि मी म्हणते ‘कॅम्पला जाऊन येते’. खूप वर्षं मला वाटायचं हा नुसता पुणेरी आणि नाशिकचा फरक. आता वाटतं की नाही, तिच्यासाठी कॅम्प हा शहराचाच तुकडा आहे, पेठेत जावं तसं ती कॅम्पात जाते. आमच्यासाठी कॅम्प हे वेगळं गाव आहे. ओझरला जातो, सिन्नरला जातो, तसं कॅम्पला जातो. आणि गंमत बघा, कॅम्पचं कॅम्पात होतं, ऑफिसचं ऑफिसात होतं, बँकेचं बँकेत होतं, पण प्रेसचं ‘प्रेसेत’ मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. प्रेसनं मराठीत येऊन बाईपण घेतलं पण स्वतःचा आकार वाकवू दिला नाही.

म्हणजे ‘प्रेसला’ आणि ‘कॅम्पला’ या दोन्हीत तोच ‘ला’ आहे आणि अर्थ मात्र वेगळा. नाना प्रेसला होते यात नोकरी आहे. मावशी कॅम्पला असते यात घर आहे. टीचरना हे कसं सांगायचं ते मला अजून नीट सुचलेलं नाही.

कॅम्पचा इतिहास बघितला तर हा शब्द तिथे अगदी शब्दशः लागू होता. इंग्रजांनी 1861 मध्ये तिथे सैनिकांचा ट्रान्झिट कॅम्प केला. म्हणजे विलायतेहून आलेले किंवा परत जाणारे सोल्जर तिथे थांबायचे, मुंबईहून बोट मिळेपर्यंत. आणि बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच. मग ज्याची नोकरीची मुदत मार्चनंतर संपली तो अडकला ना! घरी जायचंय, बंदूक दप्तर जमा झालंय, काम काही नाही, आणि पुढचा हिवाळा येईपर्यंत तिथेच बसायचं, एप्रिल मे च्या उन्हात, मग पावसात, मलेरिया आहेच जोडीला. बरेच जण दारू प्यायचे, मारामाऱ्या करायचे, काहींची डोकी फिरायची. त्यांची भाषा अशी की देवळालीचं त्यांनी डुलाली केलं, आणि डोकं फिरलेल्या माणसाला म्हणायला लागले त्याला ‘डुलाली टॅप’ झालाय. आजही इंग्लंडमध्ये कुणी चक्रमपणा करायला लागलं की ‘गॉन डुलाली’ म्हणतात, इंग्लिश शब्दकोशात हा शब्द आहे. लंडनमधल्या कुठल्यातरी आजीबाई आपल्या नवऱ्याला म्हणत असतील की तुझं डुलाली झालंय का, आणि त्यांना माहीत पण नसेल की हे एका रिक्षास्टँडचं नाव आहे जिथे माझी मावशी भाजी घेते.

आणि तो टॅप, तो तर आपलाच ताप. देवळालीचा ताप. हे मला कळलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा वाक्प्रचार कुठला असेल तर आईचा ‘डोक्याला ताप’. पाणी आलं नाही, डोक्याला ताप. गॅसचा नंबर लागत नाही, डोक्याला ताप. दीडशे वर्षांपूर्वी तो गोरा शिपाई तिथे बसून जे म्हणत होता तेच आई म्हणतेय, शब्द पण तोच! आई म्हणाली, बरं झालं, म्हणजे त्यांना पण होता. मला त्या सोल्जरांबद्दल एरवी काही प्रेम असायचं कारण नाही, पण घरी जायची वाट बघत सहा-सहा महिने बसलेली ती विशीतली पोरं डोळ्यासमोर आली की वाईट वाटतं. आपण इंग्लिशमधून किती शब्द घेतले ते सगळेच सांगतात, आमच्या कॅम्पनं एक दिलाय, हे पण सांगायला पाहिजे कुणीतरी.

नंतर फाळणी झाली आणि सिंधी निर्वासित कुटुंबं तिथे आली, त्यांच्यासाठी कॅम्प हा शब्द परत एकदा खऱ्या अर्थानं कॅम्प झाला. त्याच्या थोडं आधी, 1941 मध्ये, तोफखान्याची शाळा पुढे पाकिस्तानात गेलेल्या काकूलहून देवळालीला आली होती, ती अजून आहे, सरावाचे दिवस असले की मावशीच्या घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि मावशीला त्याचं काहीच वाटत नाही, ती पोळ्या लाटत राहते. पारशी, गुजराती, जैन लोकांची सॅनिटोरियमं, लॅम रोडवरची झाडं, जुने बंगले, मिलिटरीच्या भिंती. म्हणजे तंबू उठले त्याला कितीतरी वर्षं होऊन गेली आणि लोक पक्क्या घरात चौथ्या पिढीला आले तरी नाव कॅम्पच. इंग्लिशमध्ये या शब्दाचा सगळा अर्थच तात्पुरतेपणात आहे, आज आहे उद्या उठणार. आमचा कॅम्प मात्र जागचा हलत नाही.

उलट जिथे खरंच तंबू पडतात तिथे आपण हा शब्द वापरत नाही बघा. कुंभमेळ्याला तपोवनात केवढी मोठी वस्ती उभी राहते, 2015 ला मी रोज बघत होते, आखाडे, तंबू, भट्ट्या, आणि मेळा संपला की सगळं सपाट. कॅम्पच तो, पण त्याला कुणी कॅम्प म्हटलं नाही, साधुग्राम म्हटलं. दुष्काळात गुरांसाठी उभी राहते ती चारा छावणी. शाळेचं असेल तर शिबिर. आणि भंडारदऱ्याला काजवे बघायला जाऊन तंबूत झोपलं की ते कॅम्पिंग, तिथे परत इंग्लिश! पण आपल्याकडे साधा नुसता कॅम्प, आपल्या कॅम्पशिवायचा, म्हटला की तो ‘लागतो’. डोळ्यांचा कॅम्प लागलाय, आधारचा कॅम्प लागलाय, रक्तदानाचा लागलाय. दुकान लागावं, मांडव लागावा तसा.

अजून एक छोटी गोष्ट सांगून टाकते, वर मी म्हटलं की या दोन शब्दांचं नातं नाही, ते खरंच आहे, पण एके ठिकाणी ते भेटतात. फ्रान्समधला शॅम्पेन हा जो भाग आहे, ज्याच्यावरून ती दारू ओळखली जाते, त्याचं नाव पण त्याच कॅम्पस वरून पडलंय, मोकळ्या मैदानांचा मुलुख म्हणून. म्हणजे शॅम्पेनच्या बाटलीवर कॅम्प लिहिलेला आणि आतला रस प्रेसमधून आलेला. नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बरं, मग? त्यांना दारूच्या गोष्टीत रस नाही.

टीचरना मी भेटले. शनिवारी ओपन हाऊस होतं. तक्रार करायची नव्हतीच, नुसतं सांगायचं होतं. मी म्हटलं, मॅडम, हे इथे असं म्हणतात, त्यानं चुकीचं नाही लिहिलं, त्याला फक्त पूर्ण नाव लिहायला हवं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं, देवळालीचा शब्द इंग्लिशमध्ये आहे म्हटल्यावर लगेच फोनवर शोधून बघितला आणि मोठ्यानं हसल्या, म्हणाल्या की हा शब्द मी वाचलाय, मला वाटायचं आयरिश असेल. मग वहीत त्यांनी ‘रिपोर्टर?’ खोडून शेजारी छोटी बरोबरची खूण केली. कॅम्पपुढचा ‘ए’ मात्र तसाच ठेवला, म्हणाल्या परीक्षेत पेपर तपासणारे नाशिकचे नसतील. तेही बरोबरच आहे.

रविवारी नानांना घेऊन कॅम्पला गेले होते. त्यांना मोतीबिंदू आहे, आणि मावशीनं सांगितलेलं की तिच्याजवळ मोफत तपासणी आहे, जुने प्रेसचे बरेच जण येणारेत. सकाळी नानांच्या मित्राचा फोन आला तर नाना त्यांना ओरडून सांगत होते, ऐकायला कमी येतं ना दोघांना, ‘अरे कॅम्पला कॅम्प लागलाय, प्रेसचे सगळे चाललेत, तू येतो का?’ पोरगा शेजारी उभा राहून ऐकत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, आई, हे लिहू का वाक्य?

बिटकोवरून रिक्षा केली. उतरल्यावर मी पर्स उघडायच्या आत नानांनी खिशातून नोट काढली, डोळ्यांनी दिसत नव्हतीच नीट, अंगठा कडेवरून हळू फिरवला, एकदा, परत एकदा, आणि रिक्षावाल्याला दिली. ‘शंभर आहे,’ म्हणाले, ‘चाळीस परत दे.’